नव्वद दिवसांचा पैसा

कारखान्यातल्या लोकांचे निळे डगले गेली अठरा वर्षं टाचणीकाकूच शिवत होत्या. हे नाव त्यांना पडलं ते सवयीवरून. दोन ओठांत एक टाचणी कायम धरलेली, आणि ती न काढता बोलायची हातोटी. बोलणंही तसंच, बारीक आणि नेमक्या जागी टोचणारं. त्यांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दोन शिलाई मशिनं, कापड बेतायचं एक लांब टेबल, भिंतीला तागे ठेवायचं कपाट आणि दारामागे आरसा. मागच्या दारानं दोन पायऱ्या चढलं की घर. घरात त्या आणि त्यांचे यजमान. यजमान बाटल्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं भट्टीवर होते, म्हणून सगळे त्यांना भट्टीकाका म्हणत. धगीनं त्यांच्या भुवया कधीच्याच विरळ झाल्या होत्या, त्यामुळे चेहरा कायम थोडा चकित दिसायचा. माणूस मात्र सहजी चकित होणाऱ्यांतला नव्हता.

एका सोमवारी कारखाना बंद झाला. प्लास्टिकपुढे काच टिकली नाही, एवढंच कारण कागदावर होतं. सहाशे माणसं एका दिवसात घरी बसली, आणि काकूंच्या कपाटात निळ्या कापडाचे अकरा तागे जसेच्या तसे राहिले.

सरकारनं मदत जाहीर केली. दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी एक रक्कम. पण रोख नाही आणि चेकही नाही. मध्यवर्ती बँकेनं त्याच सुमारास स्वतःचं डिजिटल नाणं काढलं होतं, ते प्रत्येकाच्या मोबाइलमधल्या पाकिटात थेट येणार होतं. ते कसं वापरायचं हे सांगायला बँकेचा एक माणूस कारखान्याच्या रिकाम्या कँटीनमध्ये आला. काकू यजमानांबरोबर गेल्या होत्या. शिवाय दुकानदार म्हणूनही त्यांना कळणं भाग होतं.

"चार गोष्टींसाठी वापरता येईल," तो म्हणाला. "खाणंपिणं, औषधं, कपडे आणि मुलांची शाळा. बाकी कशाला हे पाकीट उघडणारच नाही."

"आणि शिल्लक राहिले तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"नव्वद दिवसांत खर्च करायचे. नाहीतर आपोआप परत जातील."

"कुठं?"

"आले तिथं."

"म्हणजे बर्फच की," भट्टीकाका म्हणाले. कँटीनमध्ये हशा पिकला, आणि त्या दिवसापासून त्या पैशाला बर्फ हेच नाव पडलं. पुढे बायका एकमेकींना रस्त्यात विचारायच्या, "तुमच्याकडे किती बर्फ उरलाय?" आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटेनासं झालं.

बँकेचा माणूसही हसला, पण आपला मुद्दा त्यानं सोडला नाही. मागच्या पुरात रोख मदत वाटली होती, तेव्हा शंभरातले चाळीस वाटेतच जिरले. आता मध्ये हातच नाहीत. आणि मिळालेला पैसा लोकांनी गादीखाली दडवला तर दुकानं बंद पडणार, मग दुकानात काम करणारेही घरी बसणार. पैसा फिरता राहिला तर सगळ्यांचीच चूल पेटेल. काकूंना हे पटलं. पुराच्या वेळचे ते चाळीस कोणाच्या घरात गेले आणि त्यातून कोणाचा मजला चढला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

परत जाताना त्यानं काकूंच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी फलक लावून दिला. "तुमच्या पाकिटात पडला की तो साधा पैसा," तो म्हणाला. "मुदत नाही, यादी नाही. बँकेतून नोटा काढा, काहीही करा."

पहिले अडीच महिने दुकानात शुकशुकाट होता. लोकांची जन्माची सवय, हातातला पैसा राखून ठेवायची. तो वितळतोय हे माहीत असूनही कोणाचा हात पुढे होईना. आणि मग शेवटच्या दहा दिवसांत एकदम झुंबड उडाली.

आठ-साडेआठला दुकान उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असत. खायला तरी किती आणायचं, पाव शिळा होतो, दूध नासतं. औषध दुखल्याशिवाय कोण घेणार. राहिले कपडे. एका बाईनं पडदे शिवायला टाकले, आणि कुठल्या खिडकीचं माप घेऊ असं काकूंनी विचारलं तर म्हणाली, "खिडकी नाहीये हो, पण पुढेमागे निघाली तर." ट्रक भरणाऱ्या एकानं ऐन उन्हाळ्यात तीन कोट मापून घेतले. महागाईनं खिशाला कात्री लागते असं म्हणतात, इथे काकूंच्या कात्रीनं सगळ्या गावाचे खिसेच बेतले.

काकू खूष होत्या. वर्षभराची कमाई दहा दिवसांत झाली. पण गिऱ्हाइकाचं माप घेताना त्यांचं लक्ष चेहऱ्याकडे असायचं, आणि नवा कपडा बेतायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं, ते त्यांना एकाच्याही चेहऱ्यावर दिसलं नाही. कॉलर कशी हवी विचारलं तर उत्तर यायचं, "टाका कशीही."

बाजारातही तीच तऱ्हा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला गाव 'मापात' म्हणत असे, कारण कशाबद्दलही विचारा, तो म्हणायचा, "आपलं सगळं मापात." शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडची अंडी दीडपट महाग झाली, आणि नवी रक्कम जमा झाल्यावर पुन्हा उतरली. लोक कुरकुरले, पण घेत राहिले. वितळत्या पैशाला घासाघीस परवडत नाही.

एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी चहा पिताना काकूंना यजमानांच्या रकमेची आठवण झाली.

"अहो, तुमचे किती उरले होते?"

"सगळे."

काकूंनी कप खाली ठेवला. "सगळे म्हणजे?"

"आले तेवढे. काल गेले परत." भट्टीकाका शांतपणे पाव चहात बुडवत होते.

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"बघत कशाला बसू? झोपलो होतो दुपारी."

काकूंच्या तोंडात त्या वेळी टाचणी नव्हती हे बरं. "दुकान चाललंय म्हणून हे सोहळे सुचतात," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांचा किराणा आला असता त्यात."

"अगं, मी पगार आणायचो तेव्हा तो माझा होता," काका म्हणाले. "चार पैसे ठेवायचो, चार उडवायचो, चुकायचो, पण माझा मी. हा पैसा हातावर ठेवतात आणि मनगट सोडत नाहीत. तसा मला नको."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण काकूंनी भांडी घासायला घेतली आणि ती जरा आवाज करून घासली. पुढच्या रकमेचंही काकांनी तेच केलं. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही. घर शिलाईवर चाललं होतं, आणि सव्वीस वर्षं आगीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला एवढी एक अढी बाळगायचा हक्क आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या रकमेची मुदत संपत आली तेव्हा त्यांच्या दुकानात पॅकिंगवाली आली. कारखान्यात खोक्यांत बाटल्या भरायची, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. पदरात एक मुलगी, नवरा परगावी गेला तो गेलाच. ती आरशासमोर उभी राहिली, पण काकूंनी टेप उघडल्यावर म्हणाली, "माप नका घेऊ. मला कपडा नकोय."

"मग काय हवंय?"

"जड गाडीचं लायसन काढायचंय. बस डेपोत बायका भरतायत. पण ड्रायव्हिंग स्कूल यादीत नाही. शाळा आहे, पण ही शाळा ती शाळा नव्हे, असं हेल्पलाइनवर सांगतात." तिनं एक दम घेतला. "तुम्ही नऊ ड्रेसचं बिल करा. मी पैसे टाकते. तुम्ही मला रोख द्या. मापात देतो, पण शंभरातले वीस ठेवून घेतो. मग फी पुरत नाही."

काकूंनी टाचणी एका ओठाच्या कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली. खोटं बिल त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. कारखान्याच्या साहेबानं एकदा शंभर डगल्यांच्या जागी सव्वाशेचं बिल मागितलं होतं, तेव्हा तीन महिने काम बंद झालेलं चाललं, पण त्यांनी ते दिलं नव्हतं.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी एका पँटचं काज चुकवलं आणि उसवून पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत जाऊन नोटा काढल्या, आणि पॅकिंगवाली आल्यावर शंभराला शंभर तिच्या हातावर ठेवले.

"तुमचे किती?"

"माझे काही नाही. बाहेर बोलू नकोस."

ती बोलली नाही. पण तिनं फी भरली हे डेपोत कळलं, डेपोतून गल्लीत कळलं, आणि दोन दिवसांत पायरीवर पुन्हा माणसं बसायला लागली. या वेळी मात्र सगळ्यांचा आवाज खालच्या पट्टीतला.

आता आली पंचाईत. सगळ्यांनाच नाही म्हणावं तर पॅकिंगवालीला का दिले? सगळ्यांनाच हो म्हणावं तर उद्या कोणी गुत्त्यावर उडवून आलं की पाप आपल्या माथी. काकूंनी मध्यममार्ग काढला. टेबलापलीकडे स्टूल ठेवलं, येईल त्याला त्यावर बसवायचं आणि विचारायचं, "कशासाठी हवेत?" एकाला जुनं वेल्डिंग मशिन घ्यायचं होतं, त्याला दिले. एकीला आजारी बहिणीकडे जायला तिकीट हवं होतं, तिलाही दिले. एक जण म्हणाला मोठा टीव्ही हप्त्यावर घेतलाय, त्याला त्यांनी चार शब्द सुनावून परत पाठवलं. एकानं मुलीला सायकल घ्यायची म्हणून सांगितलं, त्यावर काकूंनी बराच विचार केला आणि शेवटी अर्ध्याच रकमेचं बिल केलं.

मागच्या दारात भट्टीकाका हे सगळं ऐकत उभे होते. शेवटचा माणूस गेल्यावर ते दोन पायऱ्या उतरून खाली आले आणि त्याच स्टुलावर बसले.

"यादी तयार झाली का तुझी?" त्यांनी विचारलं.

"कसली यादी?"

"त्यांची चार गोष्टींची आहे. तुझी जरा मोठी दिसते. सायकल अर्धी बसते त्यात."

"अहो, मग काय डोळे मिटून वाटू?"

"वाटू नकोस की. मी कुठे म्हणतो वाट? पण तू आता सरकार झालीस, एवढंच." आणि ते उठून वर गेले. चिडून नव्हे. त्यांची बोलायची तऱ्हाच तशी, एक फुंकर मारायची आणि निघून जायचं.

काकूंना राग आला. राग आला याचा अर्थ बोलणं नेमकं लागलं, हे कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी स्टूल तिथेच राहिलं.

त्या दिवशी भोंगेआजोबा आले. कारखान्याचा सकाळ-संध्याकाळचा भोंगा वाजवायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कान जरा मंद झाले होते, त्यामुळे हळू बोलायला गेले तरी त्यांचं बोलणं रस्त्यापर्यंत जायचं. म्हणून ते आधी उठून दुकानाचं दार लावून आले.

"माझा सगळा बर्फ घे आणि रोख दे, टाचणी," ते म्हणाले. "परवा मुदत आहे."

"आजोबा, कशासाठी हवेत?"

आजोबा गप्प राहिले. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून काकूंनी पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "ते माझं माझ्याकडे राहू दे की."

"मी सगळ्यांनाच विचारते. वाईट वाटून घेऊ नका. मला तरी कळायला हवं ना, मी खोटं बिल कशापायी करते ते."

"बरोबर आहे तुझं," आजोबा म्हणाले. मग मान हलवून उठले, दार उघडलं आणि गेले. काकूंना वाटलं, येतील उद्या. ते मापातकडेही गेले नाहीत, आणि उद्या आलेही नाहीत.

चौथ्या दिवशी आले ते एक पँट घेऊन. पायाकडे घसरत होती, दोन बोटं वर घ्यायची होती. काकूंनी त्यांना उभं करून टाचण्या लावल्या. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आजोबांनी मोबाइल काढला, त्यावर बोट फिरवलं आणि तो काकूंसमोर धरला. पाकिटात नवी रक्कम यायची होती, जुनी परत गेली होती. मोठ्ठं एक शून्य.

"नवे येतील तेव्हा देतो. चालेल का?" त्यांनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, टोमणा तर नव्हताच.

"चालेल," काकू म्हणाल्या, आणि तोंडातली टाचणी त्यांना एकदम जड वाटली.

आजोबांना ते पैसे कशाला हवे होते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबांनी सांगितलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी स्टूल उचलून माळ्यावर टाकलं.

तिसऱ्या रकमेच्या वेळी त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. जो येईल त्याला बिल करून दिलं आणि शंभराला शंभर दिले. आजोबांकडे तर त्या स्वतः गेल्या. आजोबा म्हणाले, "आता नको ग. आता सोय झाली." एकूण एक्केचाळीस जण आले. त्यांतल्या दोघांनी तरी पैसे प्यायले, हे गल्लीतच उघड झालं. एकाच्या बायकोनं दुकानात येऊन काकूंना सुनावलं, आणि काकूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचंही काही चुकत नव्हतं.

पंधरवड्यानं तपासनीस बाई आल्या. तिशीच्या असतील, खांद्याला पिशवी, हातात पाटीएवढा टॅब. आधी दुकानभर नजर फिरवून त्यांनी मशिनं मोजली.

"मागच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही तीनशे बारा ड्रेस शिवले," त्या म्हणाल्या. "या दोन मशिनवर."

"तेवढे शिवायला मला चार हात आणि आणखी एक जन्म लागेल."

"मग?"

काकूंनी ओठांतली टाचणी काढून टेबलावर ठेवली. "एकही शिवला नाही," त्या म्हणाल्या.

बाईंना बहुधा एवढ्या लवकर कबुलीची अपेक्षा नव्हती. त्या खुर्चीत बसल्या. "किती ठेवून घेतलेत?"

"काही नाही."

"असं कोणी करत नाही."

"बाजारात विचारा."

"विचारलं," बाई म्हणाल्या. "आणि नोंदीही तेच सांगतात. तुमच्याकडे जेवढे आले तेवढ्याच नोटा तुम्ही बँकेतून काढल्या. नाण्याचा प्रवास आम्हाला पूर्ण दिसतो, काकू. कुठून निघालं, कुठे गेलं, किती वाजता. पण ते का गेलं, हे दिसत नाही. आमच्या मशिननं तुमच्या नावापुढे लाल खूण केली, आणि कारणाच्या रकान्यात काय भरावं ते त्याला कळेना. म्हणून मी स्वतः आले."

"मग तुम्ही भरा काय ते."

"तुम्ही सांगा, मी भरते."

काकूंनी सांगितलं. पॅकिंगवाली, वेल्डिंग मशिन, अर्धी सायकल, टीव्हीवाल्याला दिलेलं व्याख्यान. भोंगेआजोबांचं सांगताना मात्र त्या थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "एकांना दिले नाहीत, ते चुकलं." बाई लिहीत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, की हे सगळं लिहून घेऊ ना, कारण लिहिलं की परत घेता येणार नाही. काकू म्हणाल्या, लिहा.

मापात मात्र सापडला नाही. त्याचं नाव लाल झालंच नव्हतं, कारण तो खरोखरच मापात खात होता. रोज थोडं, साखरेच्या आणि डाळीच्या बिलात मिसळून.

महिन्याभरानं मदत कार्यालयात सुनावणी झाली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पाण्याचे तीन ग्लास आणि त्यामागे तीन माणसं. भट्टीकाका बाहेर बाकावर बसले होते. मधले चष्मेवाले साहेब सभ्य होते. त्यांनी सगळा अहवाल वाचला आणि विचारलं, "तुमच्या मते यादी चुकीची आहे का?"

"मी शिलाई करते साहेब," काकू म्हणाल्या. "माप ज्याचं त्याच्या अंगावरच घ्यावं लागतं. सहाशे जणांना एका मापाचा डगला मीच शिवत होते, तोही कोणाला नीट बसायचा नाही. पण तो निदान कामावर घालायचा होता."

"आणि पैसे दारूत गेले तर लोक आम्हालाच विचारतील."

"विचारतील. मलाही विचारलं एकीनं. तिचं बरोबर होतं."

साहेबांनी चष्मा पुसला. "मग उपाय काय?"

"मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "मी थोडे दिवस करून बघितलं तुमचं काम. मला जमलं नाही."

तिघांपैकी एक जण हसला आणि लगेच कागदात बघू लागला. निकाल आठ दिवसांनी आला. काकूंच्या दुकानातला फलक एका वर्षासाठी काढायचा, आणि तीन महिन्यांच्या कमाईएवढा दंड. पुढे पाचव्या रकमेच्या वेळी यादीत अवजारं, प्रशिक्षण आणि प्रवास अशा तीन गोष्टी वाढल्या, नव्वद दिवसांचे एकशे ऐंशी झाले. ते कोणाच्या अहवालामुळे झालं हे जाहीर झालं नाही, आणि काकूंचा दंडही माफ झाला नाही. पॅकिंगवाली पहिल्या चाचणीत नापास झाली, दुसऱ्या चाचणीत पास झाली, आणि आता सकाळच्या पाळीला डेपोतून गाडी काढते. पण हे सगळं नंतरचं.

दंड भरला त्या आठवड्यात घरात खरोखरच काही उरलं नव्हतं. निळे तागे काकूंनी गाद्या भरणाऱ्याला निम्म्या भावानं विकले, तेही दंडातच गेले. दुकानात गिऱ्हाईक यायचं, पण बहुतेकांच्या खिशात बर्फच, आणि तो घ्यायला फलक नाही. साध्या पैशानं पँट आखूड करून घेणारे दिवसाला दोन-तीन. सकाळी काकूंनी डबे उघडून बघितले आणि पुन्हा बंद केले.

भट्टीकाकांनी ते बघितलं. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, कपाटातून आपला मोबाइल घेतला आणि चपला घालायला बसले.

"कुठे निघालात?"

"किराणा आणायला. चौथी रक्कम तशीच पडून आहे ना?"

"तुम्हाला नको होता तो पैसा."

"अजूनही नकोय," काका म्हणाले. "पण एक वर्ष तुझ्या शिलाईवर बसून मी ऐट केली. ती तुझ्या जिवावरची ऐट होती. माझी असती तर गोष्ट वेगळी. चल, मला ते ठिपके कसे धरायचे ते येत नाही."

दोघं मापातच्या दुकानात गेली. मुदत संपायला अजून महिना होता, त्यामुळे अंडी स्वस्त होती. बटाटे, पाव, दूध, चहा, साखर, तेल. मापातनं काकूंकडे न बघता सामान बांधलं आणि आपण होऊन साखरेची एक पुडी जास्त टाकली. काकूंनी ती काढून परत फळीवर ठेवली. काकांनी मोबाइल हात लांब करून फलकासमोर धरला, जणू त्यातून धग येत होती. काकूंनी त्यांचं कोपर धरून हात जरा जवळ आणला. बारीकसा आवाज झाला, आणि पैसे गेले.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच."

काका निघता निघता थांबले. फळीवरून त्यांनी संत्र्याच्या मुरंब्याची एक बरणी उतरवली, उजेडाकडे धरून तिचं बूड बघितलं, अंगठ्यानं काठ चाचपला.

"हे खाण्यातच मोडतं ना?" त्यांनी विचारलं.

"मोडतं की."

"मग घेऊ. काच चांगली आहे हिची. आपल्याकडची नाही, पण चांगली आहे."

त्यांनी पुन्हा मोबाइल काढला, आणि या वेळी काकूंनी त्यांच्या कोपराला हात लावला नाही.